रिकाम्या डब्यातलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

पत्र्याचा एक छोटा डबा. फळांच्या चवीच्या गोळ्यांचा. गोळ्या संपल्यात. १४ वर्षांचा भाऊ त्यात पाणी ओततो, डबा खळखळ हलवतो आणि ४ वर्षांच्या बहिणीला देतो. ती घोट घेते, डोळे मोठे करते आणि एकेका फळाचं नाव घेत सुटते. यात सगळ्याच चवी आहेत म्हणे! भाऊ तिच्याकडे बघत राहतो.

‘होतारु नो हाका’ या जपानी अ‍ॅनिमेशन चित्रपटातला हा प्रसंग आहे. होतारु म्हणजे काजवे, हाका म्हणजे थडगं. इसाओ ताकाहाता यांनी तो स्टुडिओ जिब्लीसाठी केला आणि एप्रिल १९८८मध्ये तो जपानात लागला. भाऊ सेता, बहीण सेत्सुको, शहर कोबे, वर्ष १९४५. अमेरिकी विमानं जळते बाँब टाकताहेत, लाकडी घरं धडाधड पेटताहेत. मी शेवट फोडतोय असं समजू नका. आपण कोणत्या रात्री मेलो, हे सेता सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे काय होणार, याची उत्सुकता शिल्लक राहत नाही. राहतात ती फक्त ही दोन भावंडं.

भाजलेली आई गेली, हे सेताला कळलंय. शाळेच्या मैदानात सेत्सुको उकिडवी बसून रडतेय, तिला आई हवी आहे. तिला काय सांगणार? तो लोखंडी आडव्या दांड्याला लटकतो आणि गोल गोल कोलांट्या मारू लागतो. बघ, मला किती छान येतं! ती बघत नाही. तो फिरतच राहतो.

इथे मला माझी ताई दिसते. आई दवाखान्यात होती तेव्हा माझी ताई रात्री उशिरापर्यंत माझ्याशी काचापाणी खेळत बसली होती. बांगड्यांच्या काचा ती पुन्हा पुन्हा मांडत होती. तिचं वय तरी काय होतं? ११. आमची आई घरी परत आली, तरी ती रात्र मला विसरता येत नाही. मोठं भावंड घाबरलेलं असतं तेव्हाच जास्त खेळतं, हे मला त्या लोखंडी दांड्याने सांगितलं.

पुढे दोघं नात्यातल्या एका बाईंकडे राहतात. त्या टोमणे मारतात, भात मोजून वाढतात. मला त्या दुष्ट वाटत नाहीत. घरात धान्य नसलं की माणूस असा होतो. आईचे किमोनो विकून तांदूळ येतो, तेव्हा सेत्सुको मात्र ते कपडे धरून आकांत करते. शेवटी स्वाभिमानी सेता बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका खंदकात संसार मांडतो. त्याने नमतं घ्यायला हवं होतं का? हवं होतं, असं मला वाटतं. पण १४ वर्षांच्या मुलाला तोलूनमापून वागायला सांगणारा मी कोण?

पहिल्या रात्री तो मच्छरदाणीत काजवे सोडतो. सकाळी सेत्सुको मेलेले काजवे मातीत पुरत असते. आईलाही असंच पुरलंय ना, असं ती सहज बोलते. तिला ते आधीच कोणीतरी सांगितलेलं असतं. इतके दिवस भाऊ तिच्यापासून लपवत होता, आणि तीही ते आत घेऊन वावरत होती. सेता तिथे पहिल्यांदा कोसळतो. मीही.

ही गोष्ट आकियुकी नोसाका यांच्या १९६७ सालच्या कथेवरून घेतली आहे. १९४५मध्ये नोसाका स्वतः १४ वर्षांचे होते. त्यांची धाकटी बहीण उपासमारीने गेली, तेव्हा ती दीड वर्षाचीही नव्हती. तिच्या वाट्याचं अन्न आपणच खाल्लं, हे त्यांनी पुढे कबूल केलं. सेताइतकं प्रेम आपल्याला करता आलं नाही, म्हणून त्यांनी सेता लिहिला. आपल्याला जो भाऊ होता आलं नाही, तो त्यांनी कागदावर उभा केला. हे कळल्यापासून मी तो डबा आणि ते पाणी वेगळ्या नजरेने बघतो. प्रत्येक घोटामागे एक माणूस मेलेल्या बहिणीची क्षमा मागतोय.

ताकाहाताही त्या आगीतून गेलेले होते. जून १९४५मध्ये ओकायामा शहर जळालं, तेव्हा ९ वर्षांचे ताकाहाता बहिणीबरोबर रस्त्यावर पळत होते. म्हणून यातली आग चित्रातली वाटत नाही. सेत्सुकोचा आवाजही एका खऱ्या छोट्या मुलीचा आहे. तो आधी मुद्रित केला आणि मग त्यावर चित्रं बेतली. तिचं अडखळणं, कुरकुरणं, सगळं त्यामुळे तिच्याच वयाचं आहे.

शेवटी सेता तांदूळ, अंडी, कलिंगड घेऊन धावत येतो. सेत्सुको निपचित पडलीय. तोंडात काहीतरी चघळतेय. तो तोंड उघडून बघतो, तर काच. आपल्या काचापाण्यासारखा तिकडे ओहाजिकी नावाचा खेळ असतो, त्यातला चपटा काचमणी. ती त्याला गोळी समजलीय. मग ती त्याच्यापुढे मातीचे गोळे ठेवते. भाताचे लाडू आहेत, दादा, खा. नको का तुला?

संपूर्ण चित्रपटभर तो तिला भरवत आलेला असतो. आता ती त्याला वाढतेय. तो कलिंगडाची फोड तिच्या ओठांना लावतो. ती म्हणते, ‘ओकिनी’. कोबेकडच्या बोलीत आभार मानायचे असले, की हाच शब्द.