लोक लाल : ओक्लाहोमा

नकाशावर टेक्सासच्या अगदी डोक्यावर एक राज्य आहे. तव्यासारखं, आणि पश्चिमेकडे त्याचा लांब दांडा. ओक्लाहोमा. इंग्रजीत हे नाव रोज घेतलं जातं, पण ते इंग्रजी नाही.

चॉक्टॉ ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात. त्यांच्या भाषेत 'ओक्ला' म्हणजे लोक आणि 'हुम्मा' म्हणजे लाल. मराठीत आपण विशेषण आधी लावतो. चॉक्टॉत ते नामाच्या मागून येतं. म्हणून लोक, लाल.

[दृश्य : मिसिसिपीतलं जंगल, हिवाळा]

चॉक्टॉ मूळचे इथले, मिसिसिपीच्या भागातले. १८३० साली अमेरिकेच्या संसदेने मूळ रहिवाशांना नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. त्याच वर्षी चॉक्टॉंकडून करार करून घेतला गेला आणि पुढच्या वर्षी, ऐन थंडीत, माणसं निघाली. वाटेत गारठ्याने, उपासमारीने, पटकीने हजारोंचे प्राण गेले. वाचलेले पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, पोचले, तेव्हा ही जमीन कायमची तुमची, असं त्यांना लिहून दिलेलं होतं.

या स्थलांतरात एक लहान मुलगा होता. मोठेपणी तो ॲलन राइट या नावाने ओळखला गेला. न्यूयॉर्कमध्ये शिकून तो पाद्री झाला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू त्याला येत होत्या, आणि पुढे त्याने चॉक्टॉचा शब्दकोशही केला. १८६६ साली, यादवी युद्ध संपल्यावर, तो वॉशिंग्टनमध्ये वाटाघाटींना बसला होता. सगळ्या मूळ जमातींचा मिळून एक प्रदेश करावा, असा विचार चालला होता. त्याला नाव काय द्यायचं? राइटने सुचवलं : ओक्लाहोमा. लाल लोकांचा प्रदेश.

करारात ते नाव लिहिलं गेलं. प्रदेश मात्र तेव्हा झालाच नाही.

[दृश्य : धुळीत धावणारे घोडे, छकडे]

२२ एप्रिल १८८९, दुपारचे बारा. मधली सुमारे वीस लाख एकर जमीन वसाहतीसाठी खुली झाली. हद्दीवर हजारो माणसं थांबलेली. इशारा होताच घोडे सुटले. ज्याने आधी खुंटा रोवला, त्याचा तुकडा. काही जण मात्र नियम मोडून आधीच आत शिरून लपले होते. वेळेच्या आधी आलेले, म्हणून इंग्रजीत त्यांना 'सूनर' म्हणू लागले. शब्द लबाडीचा होता. हळूहळू तो अभिमानाचा झाला. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने तो घेतला, आणि आज राज्याचं टोपणनावच 'सूनर स्टेट' आहे.

मला सगळ्यात जास्त सलतं ते १८९० साल. त्या वर्षी 'ओक्लाहोमा टेरिटरी' अधिकृतपणे अस्तित्वात आली, पण ती पश्चिमेकडची, नव्याने आलेल्या वसाहतवाल्यांची. राइटचे चॉक्टॉ राहत होते पूर्वेला, आणि तो भाग 'इंडियन टेरिटरी'च राहिला. लाल लोकांसाठी सुचवलेलं नाव दुसऱ्यांच्या दारावर लागलं. राइट तोवर वारला होता.

१९०५ साली पूर्वेकडच्या जमातींनी मस्कोगी गावात परिषद भरवली आणि स्वतःच्या वेगळ्या राज्याची घटना लिहिली. नाव ठरवलं सिकोया; चेरोकी भाषेला लिपी देणाऱ्या माणसाचं. वॉशिंग्टनने ती मागणी बाजूला सारली. १६ नोव्हेंबर १९०७ ला दोन्ही भाग जोडून अमेरिकेचं ४६वं राज्य झालं. नाव, ओक्लाहोमा.

[दृश्य : धुळीचं वादळ, सामानाने लादलेली मोटार]

या नावापासून निघालेला 'ओकी' हा शब्दही ऐकण्यासारखा आहे. १९३०च्या दशकात दुष्काळाने आणि मंदीने शेती मोडली, कुटुंबं मोटारीत सामान भरून कॅलिफोर्नियाला निघाली. तिथे त्यांना 'ओकी' म्हणून हिणवलं जाई. कोणी टेक्सासचा असो की आर्कान्सासचा, फाटके कपडे दिसले की तो ओकी. पुढे ओक्लाहोमातल्याच अनेकांनी तो शब्द मायेने आपल्याकडे परत घेतला.

आणि चॉक्टॉ? ते आहेत. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, ड्युरंट गावी त्यांच्या राष्ट्राचं मुख्यालय आहे. भाषेचे वर्ग चालतात. त्या वर्गात बसलेल्या मुलाला आपल्या राज्याच्या नावाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. ओक्ला, लोक. हुम्मा, लाल.