डावीकडच्या सीटवरचा ब्रेक

(साताऱ्यातल्या एका महिला व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन, थोडं संपादित करून.)

आमची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, ती आणायला मी गेले. गॅरेजमधल्या पोराने पायाखालच्या मॅट धुऊन ओळीने वाळत टाकल्या होत्या. त्यातली एक उचलून त्याने विचारलं, "मॅडम, ही ड्रायव्हरच्या बाजूची ना?" मी बघितलं. उजवी टाच टेकते तिथल्या रबराच्या रेघा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. त्याच्या पुढे, चवडा येतो तिथे, रबर पातळ होऊन दबलं होतं. ती मॅट माझ्या बाजूची होती. जिथे ब्रेक नसतो तिथे मी चौदा वर्षं ब्रेक दाबत होते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी माना डोलावतायत. म्हणजे तुमचाही पाय दाबला जातो.

मी इथल्याच एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आमचे हे बँकेत होते. माणूस अतिशय शांत. घरात कधी आवाज चढवला नाही, माझ्या आईच्या आजारपणात रात्र रात्र जागले. पण हायवे लागला की गाडीचा काटा 110, 120. हे आधीच सांगते, कारण वेगात गाडी चालवणारा नवरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उद्धट, बेफिकीर माणूस येतो. बहुतेक घरांत तसं नसतं. तो चांगला असतो म्हणूनच त्याला सांगायला जीभ रेटत नाही.

पुण्याला जाताना वेळे गाव मागे पडलं की खंबाटकीचा बोगदा येतो. बोगद्यातून बाहेर पडलं की आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला उतार, आणि त्या उतारावरचं ते इंग्रजी एस आकाराचं वळण. साताऱ्याच्या माणसाला त्याबद्दल वेगळं सांगायला नको. एप्रिल 2018 मध्ये मजुरांना घेऊन निघालेली गाडी तिथे उलटली आणि 18 जण गेले. आम्ही तिथून जायचो तेव्हा बोगद्यातले दिवे संपायला लागले की माझ्या पोटात गोळा यायचा. उजेड दिसला की मी डोळे मिटून घ्यायची. शेजारी ह्यांचं बोलणं चालूच असायचं, पेन्शनबद्दल, मुलीच्या फ्लॅटबद्दल. मी "हं" म्हणायची. डोळे उघडायची ते खंडाळ्याला.

ह्या भीतीला आपण घरात काय म्हणतो? भित्रेपणा. "तिला गाडीत बसलं की असंच होतं." वर्गात उभी राहून मी 9 वीच्या मुलांना गतिज ऊर्जेचं सूत्र शिकवायचे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे फळ्यावर लिहून द्यायचे. आणि गाडीत बसले की त्याच सूत्राने मला जे कळत होतं, त्याची मला लाज वाटायची. एवढ्यासाठीच आज इथे बोलायला उभी राहिले.

आकडे सांगते, पाठ करायला नकोत. समोर काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. रस्ता कोरडा, टायर चांगले. ताशी 60 ला त्या दीड सेकंदात गाडी 25 मीटर जाते, आणि ब्रेक लागल्यावर साधारण 20 मीटरमध्ये थांबते. एकूण 45. ताशी 100 ला नुसत्या दीड सेकंदातच जवळजवळ 42 मीटर जातात, ब्रेकनंतर आणखी 55. एकूण 97. वेग दुप्पटसुद्धा झाला नाही, थांबायचं अंतर दुपटीच्या वर गेलं.

आता आपल्या भागातली एक गोष्ट ह्यात घाला. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात. रात्री हायवेला ऊस भरलेले ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. समोरून गाडी येतेय म्हणून तुम्ही हेडलाइट खाली केलेत, की उजेड पडतो साधारण 50-60 मीटर. गाडीला थांबायला लागतात 97. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हाच उशीर झालेला असतो. ड्रायव्हर कितीही कसलेला असू दे, हात कितीही सराईत असू देत, मधले 40 मीटर तो कुठून आणणार? हे मी ह्यांना वहीवर काढून दाखवलं तेव्हा हे बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिले. "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" हा प्रश्न त्यांनी मला निदान शंभर वेळा विचारला असेल. त्याचं खरं उत्तर मला त्या दिवशी देता आलं. भरवसा तुमच्यावर आहे, त्या ट्रॉलीवर नाही.

मग त्यांना भीती का वाटत नाही? ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्या शरीराला पुढच्या क्षणी गाडी कुठे वळणार हे आधीच माहीत असतं. आपल्याला ते वळल्यावर कळतं. म्हणून तर घाटात मळमळतं ते शेजारच्याला, मागच्याला, चालवणाऱ्याला सहसा नाही. चॉन्सी स्टार नावाच्या अमेरिकन अभियंत्याने 1969 मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःहून पत्करलेला धोका हा लादलेल्या धोक्याच्या साधारण हजारपट चालवून घेतो. एकाच गाडीत, एकाच वेगात, उजवीकडे बसलेल्याने धोका पत्करलेला असतो आणि डावीकडच्यावर तो लादलेला असतो. दोघांना एकच रस्ता दोन प्रकारे दिसणारच. शिवाय प्रत्येकाला आपला हात चांगला वाटतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी 1981 मध्ये विचारपूस केली, तेव्हा अमेरिकेतल्या गटातल्या 93 टक्के लोकांनी आपण सरासरीपेक्षा सरस गाडी चालवतो असं सांगितलं.

आता बोलायचं कसं, ते सांगते. आधी मी काय चुकत होते ते ऐका.

मी एकदम "अहोऽऽ" म्हणून ओरडायची. कधी दंड धरायची. ताशी 100 ला चालवणाऱ्याचा दंड धरणं ह्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही, आणि हे मी वर्षानुवर्षं केलं. नाहीतर मग दाराची कडी धरून रामरक्षा म्हणायची, तीही त्यांना ऐकू जाईल अशी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी खोटं बोलायला लागले. पुण्याला मुलीकडे जायचं म्हटलं की माझे गुडघे दुखायचे. पेपर तपासायचे असायचे. माहेरी कोणीतरी आजारी असायचं. तीन वर्षांत मी लेकीकडे फक्त दोनदा गेले, दोन्ही वेळा एसटीने. तिला वाटलं, आईला जावई आवडत नाही.

त्या मॅटनंतरच्या रविवारी मी बोलले. गाडी खाली पार्किंगमध्ये होती, त्या दिवशी कुठे जायचं नव्हतं, चहा झाला होता. हे सगळं मुद्दाम ठरवून. मी म्हटलं, "मला तुमच्याबरोबर प्रवासाला यायचीच भीती वाटायला लागलीय. गुडघे दुखत नाहीत माझे." हे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तू तीन वर्षं..." आणि थांबले. वेगाबद्दल आमचं नंतर बोलणं झालं. पण जे काय बदललं ते त्या अर्ध्या वाक्यात बदललं.

ह्यांनी वेळेचा मुद्दा काढला, तोही आम्ही मांडून बघितला. इथून कात्रजपर्यंत 100 किलोमीटर धरा. 120 ने गेलं तर 50 मिनिटं, 100 ने गेलं तर तास. वाचतात 10 मिनिटं, तीही रस्ता अख्खा मोकळा मिळाला तर. आणेवाडीचा टोलनाका, खेड शिवापूरचा टोलनाका, शिरवळची वर्दळ ह्यात त्यातलं काय उरतं, हे तुम्हाला माहीत आहे. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारीची कमाल मर्यादाच 100 ठरवली होती. आम्ही 90 ठरवलं. घाटात आणि पावसात पाटीवर असेल ते.

आणि एक शब्द ठरवला. "अंतर." मी एवढंच म्हणायचं, साध्या आवाजात. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, आणि बरोबर कोण होतं ही चर्चा उतरल्यावर. समोरची गाडी एखादा खांब ओलांडते तिथपासून मी मनात मोजते, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तिनाच्या आत आपण त्या खांबाशी पोचलो तर अंतर कमी आहे. पावसात चार-पाच. ह्या मोजण्याचा मला स्वतःला फार उपयोग झाला. भीती वाटली की मी आधी मोजते. कधी कधी अंतर पुरेसं निघतं आणि मी गप्प बसते.

पहिल्याच फेरीत भुईंजजवळ काटा 110 वर गेला. मी "अंतर" म्हटलं, हे "अगं रस्ता मोकळा आहे" म्हणाले. मी म्हटलं, सुरूर फाट्याला गाडी थांबवा. थांबवली. दहा मिनिटं दोघं न बोलता चहा पीत बसलो. अजूनही वर्षातून तीन-चार वेळा असं होतं.

ज्यांचा पूर्वी अपघात झालाय त्यांचं थोडं वेगळं असतं. त्यांना 40 लासुद्धा धडधडतं, तळव्यांना घाम येतो. तिथे चालवणाऱ्याने हळू चालवून भागत नाही, समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. त्याने बरं वाटतं, मी जवळून बघितलंय.

पण एक प्रकार असा आहे की तिथे ह्यातलं काही लागू पडत नाही. भांडण झालं की गाडीचा वेग वाढतो. तुम्ही हळू म्हणता आणि तो मुद्दाम आणखी दाबतो, तुमच्या चेहऱ्याकडे बघत. बायांनो, ती ड्रायव्हिंगची सवय नव्हे. तो तुम्हाला घाबरवतोय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात जिवाला, सुरक्षिततेला धोका निर्माण करणं हीसुद्धा हिंसाच धरली आहे, अंगाला हात लागायला हवा असं नाही. अशा वेळी गाडीत वाद वाढवू नका. पंप दिसला, हॉटेल दिसलं की कुठलंही कारण सांगून उतरा, माणसांत जा. पोलिसांच्या मदतीसाठी 112 लावा, महिला हेल्पलाइनचा 181 लावा. आणि माहेरी, मैत्रिणीला, कोणाला तरी हे त्याच दिवशी सांगा.

हा विषय फार घरगुती आहे, असं मला इथे बोलावताना एकीने म्हटलं होतं. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, आणि त्यातल्या सुमारे 71 टक्के मृत्यूंचं कारण सरकारी अहवालात अतिवेग असं नोंदलंय. त्यातल्या किती गाड्यांत कोणीतरी शेजारून "जरा हळू" म्हटलं होतं, ह्याला अहवालात रकाना नाही.

मागच्या सीटचंही सांगते. तिथे पट्टा लावणं बंधनकारक आहे आणि आपल्याकडे सासूबाईंना पट्टा लावायला सांगणं म्हणजे उद्धटपणा समजतात. सप्टेंबर 2022 मध्ये सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, पट्टा न लावता. मी माझ्या सासूबाईंचा पट्टा स्वतः लावते, पदर नीट करून. आधी त्या कुरकुरायच्या. आता गाडीत बसल्या की हात वर करून थांबतात.

भाषणानंतर एका बाईंनी विचारलं, "माझा मुलगा मला मोटारसायकलवरून नेतो. मी साडी नेसून एका बाजूला बसते, एक हात सीटला, एका हातात पिशवी. हळू म्हटलं की म्हणतो, मग आई तू रिक्षाने जा. काय करू?"

मी म्हटलं, रिक्षाने जा. रुसून नको, हसून जा. एका बाजूला बसलं की धरायला एकच हात उरतो आणि तोल जातो तो आपला. त्याने जोरात ब्रेक मारला तर त्याच्या हातात हँडल आहे, तुमच्या हातात भाजीची पिशवी. तेव्हा एकदा तो राजवाड्यावरून मोटारसायकलने निघू दे, तुम्ही रिक्षाने निघा, आणि पोवई नाक्याला त्याला थांबायला सांगा. तुम्ही त्याच्यामागून किती मिनिटांनी पोचता ते त्यालाच घड्याळ लावून मोजू दे. पुढच्या महिन्यात मी परत इथे येणार आहे, तेव्हा मला आकडा सांगा.