रंग चढलेलं नाणं आणि खाडीवरचा वारा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या मे महिन्यात आत्याकडची पेटी उघडायचा योग आला. वेंगुर्ल्याजवळचं चिरेबंदी घर, माजघरात सागवानी पेटी. पेटीत लुगडी, लुगड्यांखाली सातबाऱ्याचे उतारे आणि अगदी तळाला खाकी पाकिटात चांदीचं दहा रुपयांचं नाणं. १९६९ सालचं, गांधी जन्मशताब्दीचं. वजन १५ ग्रॅम आणि चांदी ८० टक्के, म्हणजे निव्वळ चांदी १२ ग्रॅम. माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली, पण असं नाणं हातात कधी आलं नव्हतं. कडेला गर्द निळं, त्याच्या आत जांभळट, मग तांबूस सोनेरी आणि मधोमध गांधीजींच्या गालावर नुसती पिवळसर झाक. मागून आत्या म्हणाली, "रुपयो काळो पडलो रे. वायच कोकमान घासून काढ."

मी नाणं कडांना धरून उचललं आणि आधी आत्यापासून दूर नेऊन ठेवलं.

आत्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे तांब्या-पितळेला कोकम आणि चिंच, देवाच्या चांदीला रांगोळी, असंच चालत आलंय. भांड्याला ते ठीक. नाणं मात्र एकदा घासलं की संपलं. त्यावर आलेल्या रंगाला संग्राहक टोनिंग म्हणतात. हा रंग कुणी लावलेला नसतो. खरं तर तो रंगच नसतो! हवेतल्या गंधकाच्या वायूंची चांदीशी गाठ पडली की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. जाडी म्हणाल तर आपल्या केसाच्या हजाराव्या भागाइतकी. प्रकाश थोडा पापुद्र्यावरून परततो, थोडा खालच्या चांदीवरून, आणि परतताना दोन्ही एकमेकांत मिसळून काही रंग पुसले जातात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात एस.टी. स्टँडवरच्या डबक्यात डिझेल सांडलं की जे इंद्रधनुष्य दिसतं, त्यातली करामत हीच.

पापुद्रा जाड होत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी तपकिरी, मग तांबडा-जांभळा, मग निळा. थर आणखी वाढला की रंगांची दुसरी फेरी, तिच्यात हिरवाही डोकावतो. आणि शेवटी काळा. काळं झालं म्हणजे नाण्याची मूळ चकाकी गेली, ती परत येत नाही. हा क्रम जरा ध्यानात असू द्या, पुढे त्याचीच गरज लागणार आहे.

आता आपली कोकणची हवा. ओहोटीला खाजणातल्या चिखलाचा जो वास येतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. चांदीला काळं करणारा वायू तोच. वर पावसाळ्याचे चार महिने दमट, आणि वाऱ्यावर मीठ. घाटावर ज्या रंगाला वीस-तीस वर्षं लागतात तो इथे पाच-सात वर्षांत येताना मी पाहिलाय. पण इथे तो सावकाश, सारखा चढत नाही. एका बाजूला दाट, दुसरीकडे काहीच नाही, मध्येच मिठाचे करडे ठिपके. नाण्यात तांबं असलं तर हिरवा चट्टा. आपल्या सरकारच्या १०० रुपयांच्या बऱ्याच स्मारक नाण्यांत चांदी निम्मीच असते. बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. २०२३ सालचं संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणंही याच मिश्रणाचं. ३५ ग्रॅमचं हे नाणं खाडीकाठच्या घरात उघडं ठेवलं, तर त्याचं काय होईल ते त्या घराच्या खिडकीवर अवलंबून. १९५७ च्या ब्राँझच्या नव्या पैशाचीही तीच कथा, लाल असतो तो चॉकलेटी होतो. स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांना यातलं काही होत नाही. त्यांच्याविषयी बोलण्यासारखं काही नाही.

असं रंगलेलं नाणं ग्रेडिंगला, म्हणजे त्याची प्रत ठरवून घ्यायला, पाठवायचं का, असं मला बरेच जण विचारतात. या क्षेत्रात दोन अमेरिकन कंपन्यांचा दबदबा आहे: पीसीजीएस, १९८६ पासून, आणि एनजीसी, १९८७ पासून. नाण्याची प्रत १ ते ७० या मोजपट्टीवर ठरते. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. ७० म्हणजे पाचपट भिंगाखालीही टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतरचा एकही ओरखडा न दिसणारं. आकडा ठरला की नाणं पारदर्शक प्लास्टिकच्या कडक डबीत बंद होतं. त्या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. तपासणारे एकापेक्षा जास्त असतात आणि नाणं कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

रंगाच्या बाबतीत त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो: हा आपोआप आलाय की कुणी आणलाय? चांगला रंगलेल्या नाण्याला जास्त पैसे मोजणारे लोक आहेत, म्हणून रसायनं वापरून, उष्णता देऊन रंग चढवणारेही आहेत. त्याच्या कृती मी रेडिओवरून सांगणार नाही. तपासनीस डोळ्यांनी काय बघतात ते मात्र सांगतो. मघाचा क्रम पाळलाय का? निळ्याच्या शेजारी एकदम कोरी चांदी, मध्ये पिवळं नाही, तांबूस नाही, की शंका येते. उठावाच्या अक्षरांच्या पायाशी रंग बदलतो का? खरा रंग अक्षराच्या आडोशाला थोडा मागे राहतो, जसा भिंतीच्या पायाशी आडोशाला पाऊस कमी लागतो. ओरखड्यांत रंग भरलाय का? भरला असेल तर ओरखडा आधीचा आणि रंग नंतरचा. आणि नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की चकाकीची चक्री रंगातून फिरताना दिसते का? ती दिसली तर खालचा पृष्ठभाग जिवंत आहे.

शंका आली तर आकडा मिळत नाही. स्लॅबवर 'डिटेल्स' लिहून येतं आणि पुढे रंग संशयास्पद असल्याचा शेरा. फी परत मिळत नाही.

मी स्वतः दोन नाणी पाठवली. पहिलं १०० रुपयांचं स्मारक नाणं, माझ्याच कपाटातलं. कपाट खाडीकडच्या खिडकीला लागून, पुठ्ठ्याची पेटी अर्धवट उघडी. दहा वर्षं त्याचा रंग माझ्या डोळ्यांदेखत चढला. दुसरं एका प्रदर्शनात विकत घेतलेलं, मोरपिशी रंगाचं. इतकं देखणं की मला स्वतःलाच त्याचा संशय होता. निकाल आला तेव्हा मोरपिशी नाण्याला व्यवस्थित आकडा, आणि माझ्या डोळ्यांसमोर रंगलेल्याला संशयाचा शेरा! दोन दिवस चडफडलो. मग भिंग काढून पाहिलं. अर्धं नाणं निळं, अर्धं कोरं, मधली पायरीच नाही. त्या उघड्या फटीतून खाडीचा वारा जसा आत शिरला तसाच रंग धरला होता. तपासनिसाला माझी खिडकी कशी दिसणार? त्याने जे दिसलं त्यावर लिहिलं. आपल्या किनाऱ्यावरचा रंग खरा असूनही खोटा वाटतो, ही आपली अडचण. म्हणून पाठवायच्या आधी स्वतःलाच विचारा, ही हकीकत न सांगता हे नाणं बघणाऱ्याला पटेल का? पटत नसेल तर घरीच ठेवा. स्वस्तातलं आधुनिक नाणं असेल तर फी आणि विम्याचं टपाल मिळून नाण्याच्या किमतीच्या वर जातं, तेही आधी कागदावर मांडा.

पाठवायचंच ठरलं तर पुसू नका. मऊ कापडानेही नको, टूथपेस्टचं तर नावच काढू नका. नाणं चिकट हिरवट झालं असेल तर तो बहुधा मऊ पीव्हीसी पाकिटाचा प्रताप. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढलं की तो थर सुटतो आणि रंग तसाच राहतो. नखपॉलिश काढायची बाटली मात्र चालणार नाही, तिच्यात इतर बरंच काही असतं. आणि अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, चुलीपासून लांब. पुठ्ठ्याच्या फ्लिपला, म्हणजे नाणं ठेवायच्या पाकिटाला, स्टेपल मारू नका, आपल्या हवेत पिन महिनाभरात गंजते. गठ्ठ्याला रबरबँडही नको. रबरात गंधक असतं, नाण्यावर काळी रेघ उमटते. आणि मिरग लागल्यावर पॅकिंगला बसू नका, पाकिटात दमट हवा कोंडली जाते. पौष-माघात, कोरडं ऊन असताना बसा.

आणखी एक, कायद्याचं. घरात राणीछाप रुपये असतील, व्हिक्टोरियाचे, तर ते अमेरिकेला पाठवायच्या भानगडीत पडू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपयाही आता त्यात आला. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांना हा अडसर नाही.

आत्याचं नाणं मी पाठवलं नाही. माझ्या मते त्याला आकडा मिळाला असता. खाकी पाकिटाने कडेपासून आत, पायरी पायरीने रंग चढवला होता, कुणालाही पटेल असा. पण आत्या म्हणाली की ते तिच्या सासऱ्यांनी दिलेलं, दिवाळीला लक्ष्मीपूजनात लागतं. मग मी अ‍ॅक्रिलिकची गोल कॅप्सूल आणली आणि नाणं तिच्यात बसवलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आत्याने हळद-कुंकू वाहिलं, ते कॅप्सूलच्या झाकणावर. मग जरा वाकून तिने आत पाहिलं आणि मला विचारलं, "लक्ष्मीक ह्यातसून नाणा दिसतला मां रे?"