सरबतात मीठ हवंच

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या आठवड्यात नागपूरहून माझी आतेबहीण आली. ठाणे स्टेशनपासून नौपाड्यातल्या आमच्या घरापर्यंत चालतच आली, फार तर पंधरा मिनिटं. दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "अगं, पारा चौतीसच आहे ना तुमच्याकडे? मग मी अशी चिंब का झाले? आमच्याकडे बेचाळीसला सुद्धा घाम अंगावर दिसत नाही."

खरं आहे तिचं. तिच्याकडे घाम येतो आणि येता येताच वाळतो. आपल्याकडे एका अंगाला खाडी, पलीकडे समुद्र, हवा आधीच पाण्याने भरलेली. तिच्यात आपला घाम उडून जायला जागाच नसते. आणि अंग थंड होतं ते घाम आल्यामुळे नव्हे, तो वाळल्यामुळे. म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेलं की सुरू करतं, आणि किनाऱ्यावर ३७ वरच. तीन अंशांची ही सवलत उगाच दिलेली नाही.

माठाचंही तेच. नागपूरच्या माठातलं पाणी दातांना लागतं म्हणे. माझा माठ बिचारा खिडकीत ठेवला, ओलं फडकं गुंडाळलं, तरी मेच्या मध्यावर 'बरा गार' याच्या पुढे जात नाही. तोही पाझरतो, पण वाळत नाही.

आता हा जो घाम वाहून जातो, त्यात नुसतं पाणी नसतं. दुपारी लोकलने आलेल्या माणसाचा गडद शर्ट वाळला की पाठीवर पांढऱ्या रेघा दिसतात, ते मीठ. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की उन्हाळ्यातल्या सरबतात बर्फ नसला तरी चालेल, मीठ मात्र हवंच.

पन्ह्यापासून सुरुवात करते, कारण ते माझं सगळ्यात लाडकं. जांभळी नाक्याच्या बाजारात चैत्रात कैऱ्यांचे ढीग लागतात. पन्ह्याला दिसायला देखणी तोतापुरी घेऊ नका, तिला आंबटपणा कमी. गावठी, कडक, कापल्यावर आतून पांढरी निघेल अशी घ्या. सालासकट कुकरच्या डब्यात, डब्यात पाणी न घालता, तीन शिट्ट्या. निवली की साल काढायची आणि गर हाताने कोळायचा. मिक्सर फिरवला तर रेषांचेही तुकडे होतात आणि मग ते घशात गुदगुल्या करत बसतात. वाटीभर गराला दीड वाटी चिरलेला गूळ, गर कोमट असतानाच, म्हणजे वेगळा पाक करावा लागत नाही. साधा गूळ हं, चिक्कीचा नको. अर्धा चमचा मीठ आणि वेलदोड्याची पूड. झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि लागेल तेव्हा दोन-तीन चमचे गर ग्लासभर माठाच्या पाण्यात ढवळायचा. केशर असेल तर घाला. ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला शोभतं, रोजच्याला नाही.

पुदिना, भाजलेलं जिरं आणि काळं मीठ घातलेलं उत्तरेकडचं पन्हंही छान लागतं. मी पिते. पण त्याच्याबरोबर आंब्याची डाळ खावीशी वाटत नाही, बस.

आता मिठाबरोबर गोड का, तर आपल्या आतड्यात साखर आणि मीठ हात धरून आत शिरतात आणि जाताना पाणी ओढून नेतात. जलसंजीवनी याच तत्त्वावर चालते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव इथे, पटकीची साथ होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनाबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. घरी करायचं तर माप साधं आहे: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पण हे जुलाबासाठीचं माप. पन्हं त्याच्या कितीतरी पट गोड असतं, तेव्हा पोट बिघडलेल्या पोराला पन्हं पाजू नका.

कोकमाकडे वळते, आणि आधी माझी फजिती सांगते. माझी थोरली जाऊ कुडाळची. दर मे महिन्यात तिच्याकडून दोन बाटल्या येतात. एकीत अमृत कोकम, म्हणजे रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून उन्हात ठेवल्यावर सुटलेला रस. दुसरीत आगळ, मीठ घालून काढलेला, थेंबभर साखर नसलेला. दोन्हींचा रंग अगदी एकच, गडद लालजांभळा. एकदा सोसायटीतले एक काका पाण्याच्या टाकीचं बोलायला आले. मी लगबगीने ग्लासात चार चमचे घातले, गार पाणी ओतलं आणि पुढे केलं. काकांनी घोट घेतला. डोळे मिटले, उघडले. ग्लास हलकेच टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, खास कोकणी पद्धत दिसतेय." पाण्याच्या टाकीचा विषय त्या दिवशी फार लवकर संपला.

आगळाची जागा सोलकढीत. नारळाचं दूध, ठेचलेली लसूण, मिरची, वर कोथिंबीर. अमृत कोकमात मात्र पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. जिरं विसरलात तर ते नुसतं लाल साखरपाणी होतं. आणि रातांब्याच्या बिया फेकू नका. कोकणात त्यांचं तेल काढतात, थंडीत भेगा पडलेल्या टाचांना त्यासारखं दुसरं काही नाही.

ताकाबद्दल काय सांगू, तुम्ही रोज पिता. फक्त दही आंबट नको आणि पाणी सढळ हाताने. सब्जा भिजायला पंधरा मिनिटं द्या, कोरडा तोंडात टाकू नका, घशात फुगतो. वाळ्याची जुडी धुऊन माठात सोडली तर पाण्याला पहिल्या पावसासारखा वास येतो. बाकी त्यातून फार काही मिळतं असा माझा दावा नाही, वासासाठीच ठेवते.

घरचं आहे म्हणून कितीही प्यावं असंही नाही. दुकानातल्या कोलाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणून आपण नाकं मुरडतो आणि पन्ह्याचे तीन ग्लास रिचवतो. मधुमेह असलेल्यांनी ताकाकडे वळावं. ज्यांना रक्तदाबामुळे किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे मीठ कमी करायला सांगितलंय, त्यांनी माझं न ऐकता डॉक्टरांचं ऐकावं.

आणि एक गोष्ट जरा गंभीरपणे. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर तिथे सरबताचं काम नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

आतेबहीण परवा परत गेली. जाताना पन्ह्याची अर्धी बरणी घेऊन गेली. काल तिचा फोन आला होता, म्हणाली, "तिकडे मस्त लागत होतं, इथे जरा खारट वाटतंय गं." तिला सांगितलं, तुझ्याकडे थोडं जास्त पाणी घाल. जाऊबाईंच्या बाटल्या अजून यायच्यात. या वेळी आगळावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवणार आहे, काका अधूनमधून येत असतात.

नमस्कार.