क्लब नेला, माणसं राहिली

(दृश्य : प्लाउ लेन मैदान, नैऋत्य लंडन. 2 मार्च 2024. गोलमागचा स्टँड. सुरुवातीला फक्त मैदानावरचा आवाज.)

94वं मिनिट. रोनन कर्टिसचा गोल. एएफसी विम्बल्डन 1, एमके डॉन्स (म्हणजे मिल्टन कीन्स डॉन्स) 0.

इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरचा, लीग टूमधला हा सामना. कोट्यवधींचे खेळाडू नाहीत, आपल्याकडे रात्री जागून बघावं असं यात कुणी नाही. तरी या गोलनंतर स्टँडमध्ये काय झालं, ते बघा.

(पाच-सहा सेकंद निवेदन नाही.)

इंग्लंडमध्ये क्लबांचं वैर बहुतेक वेळा शेजाऱ्याशी असतं. लिव्हरपूलचं एव्हर्टनशी, आर्सेनलचं टॉटनहॅमशी. एकाच गल्लीत दोन रंगांचे मफलर, एकाच घरात दोन क्लब. विम्बल्डन आणि मिल्टन कीन्स यांच्यात मात्र जवळपास 90 किलोमीटरचं अंतर आहे. 2002 पर्यंत या दोन गावांचं फुटबॉलवरून कधी वाजलेलं नव्हतं. आज विम्बल्डनचा चाहता मिल्टन कीन्सच्या क्लबचं नावसुद्धा घेत नाही. तो त्याला ‘फ्रँचायझी’ म्हणतो, म्हणजे धंद्यासाठी कुठेही हलवता येणारा संघ, आणि हा शब्द तो शिवीसारखाच वापरतो.

(दृश्य : विम्बल्डन कॉमनचं माळरान. कडेला ‘फॉक्स अँड ग्रेप्स’ पब.)

गोष्ट सुरू होते ती या माळावर. 1889 मध्ये एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी इथे क्लब काढला, विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स. कपडे बदलायला खोली नव्हती, म्हणून पोरं या पबमध्ये कपडे बदलायची आणि माळावर खेळायला यायची. 1912 मध्ये क्लबला प्लाउ लेनवर हक्काचं मैदान मिळालं. हौशी खेळाडूंचा क्लब. 1963 मध्ये त्यांनी वेम्ब्लीवर हौशी संघांचा चषक जिंकला. सटन युनायटेडविरुद्ध 4-2. चारही गोल एकट्या एडी रेनॉल्ड्सचे आणि चारही डोक्याने केलेले. सटनचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

1977 मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या चार श्रेणींत प्रवेश. तिथून नऊ वर्षांत थेट पहिल्या श्रेणीत.

(दृश्य : जुनी चित्रफीत. वेम्ब्ली, 14 मे 1988.)

एफए कपची अंतिम लढत. समोर लिव्हरपूल, त्या वर्षीचा लीगविजेता. 37व्या मिनिटाला लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला. उत्तरार्धात लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली. जॉन ऑल्ड्रिज मारायला आला. गोलरक्षक डेव्ह बेसंट डावीकडे झेपावला...

(चित्रफीत पूर्ण चालू द्यायची.)

वेम्ब्लीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ही पहिलीच वेळ. बेसंट कर्णधारही होता. प्रिन्सेस डायनाच्या हातून त्याने चषक घेतला.

तेव्हा या संघावर फार कुणाचं प्रेम नव्हतं, हेही सांगायला हवं. चेंडू उंच मारायचा, अंगावर जायचं, समोरच्याला दमवायचं, असा त्यांचा खेळ. व्हिनी जोन्स, जॉन फॅशनू, डेनिस वाइज ही नावं ऐकली की बाकीच्या क्लबांचे चाहते नाकं मुरडायचे. याच चाहत्यांनी चौदा वर्षांनी विम्बल्डनची बाजू घेतली. निष्ठा कशी सरकते ते बघायचं असेल, तर हे आधीचं चित्र डोक्यात असू द्या.

(दृश्य : जुन्या प्लाउ लेनच्या जागेवरच्या इमारती. प्रवेशद्वारावर रेनॉल्ड्सचं नाव.)

1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीची दुर्घटना झाली. त्यात 97 चाहत्यांचे जीव गेले. त्यानंतर आलेल्या टेलर अहवालाने वरच्या श्रेणींतल्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसायला आसन बंधनकारक केलं. प्लाउ लेन जुनं, छोटं, उभ्या प्रेक्षकांचं. 1991 मध्ये क्लबने ते सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाड्याने राहायला गेला. तात्पुरती सोय म्हणून. ही तात्पुरती सोय बारा वर्षं चालली. 1998 मध्ये प्लाउ लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. आज तिथे या इमारती आहेत. ज्या पोराने 1988 चा चषक बापाच्या खांद्यावर बसून पाहिला, त्याचं तारुण्य दुसऱ्याच्या मैदानावर गेलं.

या काळात मालकांच्या डोक्यात वेगवेगळे बेत शिजत होते. क्लब डब्लिनला न्यायचा, असाही एक विचार झाला. क्लब नॉर्वेच्या मालकांकडे गेला. 14 मे 2000 रोजी, चषक जिंकल्याला बरोब्बर बारा वर्षं झाली त्या दिवशी, विम्बल्डन प्रीमियरशिपमधून, म्हणजे पहिल्या श्रेणीतून, खाली घसरला. आणि ऑगस्ट 2001 मध्ये अध्यक्ष चार्ल्स कॉपेल यांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला हलणार.

(दृश्य : सेलहर्स्ट पार्कवरची निदर्शनं. काळे फुगे, फलक.)

फुटबॉल लीगने आधी नकार दिला. प्रकरण लवादाकडे गेलं, तिथून फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाकडे. 28 मे 2002 रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. चाहत्यांचा पर्याय साधा होता. क्लब जाणार असेल तर जाऊ दे, आम्ही इथेच तळापासून नवा उभा करू. आयोगाने लिहिलं की असं करणं ‘फुटबॉलच्या व्यापक हिताचं’ नाही.

एका गावाचा 113 वर्षांचा क्लब उचलून दुसरीकडे नेणं व्यापक हिताचं, आणि तो परत उभा करणं नाही. हे वाक्य विम्बल्डनमध्ये आजही लोकांना पाठ आहे.

(दृश्य : विम्बल्डन कॉमन, 29 जून 2002. छायाचित्रं एकामागून एक.)

आता ही छायाचित्रं सावकाश बघा.

निकाल लागून महिना झाला, तोच याच माळावर नव्या संघाची निवड चाचणी भरली. एएफसी विम्बल्डन या नावाचा क्लब चाहत्यांनी काढला होता. मैदान नाही, खेळाडू नाहीत, जमलेले पैसे चाहत्यांच्याच खिशातले. क्लब नसलेल्या कुणालाही चाचणीला या म्हणून सांगितलं होतं. 230 जण आले. बूट स्वतःचे, मोजे वेगवेगळ्या रंगांचे. हौशी लीगमध्ये रविवारी खेळणारे, कधीकाळी कुठेतरी करारावर असलेले, आणि ‘एकदा बघू या’ म्हणून आलेलेही. कडेला उभी असलेली गर्दी ही सगळी पाठीराख्यांची. प्रशिक्षक टेरी ईम्स. अध्यक्ष क्रिस स्ट्युअर्ट, तोही स्टँडमधलाच एक चाहता. दोन-तीन आठवड्यांत संघ, लीग आणि सामने खेळायला जागा, सगळं जुळवायचं होतं. किंग्स्टनमधलं किंग्जमेडो मैदान मिळालं. ते किंग्स्टोनियन या दुसऱ्या छोट्या क्लबचं घर होतं.

10 जुलै 2002. पहिला सराव सामना, आणि समोर तेच सटन युनायटेड. प्रेक्षक 4,657. तिकिटांच्या रांगा संपेनात म्हणून सामना उशिरा सुरू करावा लागला. विम्बल्डन 4-0 ने हरला. शेवटची शिट्टी वाजली, तर लोक मैदानात धावत आले आणि हरलेल्या पोरांना मिठ्या मारू लागले.

(छायाचित्र : सामन्यानंतरची गर्दी. थांबायचं.)

पुढच्या महिन्यात तळाकडच्या कम्बाइन्ड काउंटीज लीगमधला पहिला सामना, सँडहर्स्ट टाउनच्या मैदानावर. गावातल्या त्या छोट्या मैदानावर 2,449 माणसं. विम्बल्डन 2-1 ने जिंकला.

त्याच हंगामात जुना क्लब अजून सेलहर्स्ट पार्कवरच खेळत होता, कारण मिल्टन कीन्समध्ये जागा तयार नव्हती. ऑक्टोबरमध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला तिथे 849 प्रेक्षक होते, पाहुण्यांचे चाहते धरून. तीन वर्षांपूर्वी जो संघ प्रीमियरशिपमध्ये होता, त्याची ही अवस्था. बाकीचे गेले कुठे, ते तुम्ही आत्ता पाहिलं. काही जण मात्र जुन्या संघाबरोबर राहिले. मैदानात उतरणारी पोरं तर तीच आहेत, त्यांचा काय गुन्हा, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं शेजारी बसलेली माणसं दोन वेगळ्या मैदानांवर जाऊ लागली. घराघरांत यावरून धुसफुस झाली.

आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे इतर क्लबांचे चाहते या एका गोष्टीवर एकत्र आले. आज विम्बल्डन, उद्या आपण, हे त्यांना कळलं होतं. चाहत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने मिल्टन कीन्सच्या पाठीराख्यांना सुरुवातीची काही वर्षं सदस्यत्व दिलं नाही.

(दृश्य : मिल्टन कीन्स. गोल चौक, सरळ रस्ते, स्टेडियमची बाहेरची बाजू.)

मिल्टन कीन्स हे 1967 मध्ये कागदावर आखलेलं शहर. तिथे लीगमधला क्लब नव्हता. संगीत व्यवसायातले पीट विंकलमन यांनी क्लब आणायची धडपड केली. 2003 मध्ये संघ तिथे गेला, 2004 मध्ये नाव झालं मिल्टन कीन्स डॉन्स, 2007 मध्ये नवं स्टेडियम उघडलं. त्याच वर्षी 1988 च्या चषकाची प्रतिकृती आणि जुने मानसन्मान विम्बल्डन लंडनच्या ज्या मर्टन बरोमध्ये (प्रशासकीय विभागात) येतं, त्या बरोकडे परत करण्यात आले. ‘डॉन्स’ हे विम्बल्डनचं जुनं टोपणनाव मात्र परत दिलं नाही.

तिथे वाढलेल्या पोरांचा यात दोष नाही. पुढे इंग्लंडकडून खेळलेला डेली ॲली याच शहरात जन्मला आणि याच क्लबमध्ये घडला. 2014 मध्ये लीग कपमध्ये या संघाने मँचेस्टर युनायटेडला 4-0 ने हरवलं, तेव्हा तोही मैदानात होता. त्या रात्री स्टेडियमवर असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला सेलहर्स्ट पार्क काय सांगणार? त्याच्यासाठी तो त्याच्या गावचा क्लब आहे.

(दृश्य : फेब्रुवारी 2003 ते डिसेंबर 2004, सामन्यांची झलक. पुढे मँचेस्टर, 21 मे 2011.)

इकडे एएफसी विम्बल्डन लीगमध्ये सलग 78 सामने अपराजित राहिला. इंग्लंडमधल्या वरिष्ठ फुटबॉलमधला हा विक्रम. नऊ वर्षांत पाच बढत्या. शेवटची ही, ल्यूटनविरुद्ध. गोल नाही, पेनल्टींवर निकाल. डॅनी केडवेल धावत येतोय...

(मूळ आवाज.)

क्लब पुन्हा फुटबॉल लीगमध्ये होता. आता गाठ कधी ना कधी पडणारच होती.

(दृश्य : 2 डिसेंबर 2012, एमके स्टेडियम.)

एफए कपची दुसरी फेरी. जायचं की नाही, यावरूनच विम्बल्डनच्या चाहत्यांत दोन तट पडले. गेलं तर त्या क्लबला मान्यता दिल्यासारखं, नाही गेलं तर आपली पोरं एकटी पडतात. काही जण घरी बसले. जे गेले, त्यांनी जॅक मिडसनचा बरोबरीचा गोल पाहिला आणि ते मैदानात उतरले. मग 90 मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत ऑट्सेमोबोरने चेंडूला टाचेने दिशा दिली. 2-1, मिल्टन कीन्स. दोन वर्षांनी याच मैदानावर ॲकिनफेन्वाच्या गोलवर विम्बल्डन 3-2 ने जिंकला. पुढे दोघे एकाच लीगमध्ये आले, तेव्हा विम्बल्डनने आपल्या फलकावर पाहुण्यांच्या नावातला ‘डॉन्स’ हा शब्दच लिहिला नाही. लीगने त्यावर कारवाईचा बडगा उगारला. चाहत्यांनी ते नाव घेणं सोडलं होतं, ते सोडलंच.

(दृश्य : नव्या प्लाउ लेनचं बांधकाम. क्रेन, पाया, लोखंडी सांगाडा. वेगवान चित्रण.)

आणि हे सगळं चालू असताना चाहत्यांचा जीव अडकला होता तो एका पत्त्यात : प्लाउ लेन.

जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं. 2015 च्या डिसेंबरमध्ये मर्टन कौन्सिलने तिथे फुटबॉल मैदानाला मंजुरी दिली. लंडनचे तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी प्रकरण स्वतःकडे मागवलं, पुढचे महापौर सादिक खान यांनी ते पुन्हा कौन्सिलकडे सोपवलं. 2017 मध्ये शर्यती बंद झाल्या. किंग्जमेडो चेल्सीला विकून पैसा उभा केला. तरी तो पुरेना. क्लबची मालकी ‘डॉन्स ट्रस्ट’कडे, म्हणजे चाहत्यांकडे. एक सभासद, एक मत. बाहेरचा बडा पैसेवाला आणायचा, तर मालकी हातची जायची. सभा झाल्या, वाद झाले. आधी समभाग विकून सुमारे 24 लाख पौंड जमले. मग 2020 च्या सुरुवातीला ‘प्लाउ लेन बाँड’ निघाला. व्याज किती घ्यायचं, ते देणाऱ्यानेच ठरवायचं. काहींनी शून्य लिहिलं. 50 लाख पौंडांहून जास्त रक्कम अशी पदरमोड करून उभी राहिली आणि ट्रस्टचं बहुमत शाबूत राहिलं. क्लब चाहत्यांच्या मालकीचा असू शकतो का, असं विचारणाऱ्यांनी हा लोखंडी सांगाडा बघावा.

3 नोव्हेंबर 2020. डॉनकॅस्टरविरुद्ध पहिला सामना, 2-2. पहिला गोल जो पिगॉटचा. साथीमुळे प्रेक्षकांना बंदी होती.

(दृश्य : रिकाम्या खुर्च्या. निवेदन नाही.)

चाहते आत आले ते पुढच्या हंगामात. या सगळ्यात किंग्स्टोनियनचं घर गेलं, तो क्लब त्यानंतर दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत राहिला.

(दृश्य : वेम्ब्ली, 26 मे 2025. निळ्या-पिवळ्या मफलरांची गर्दी.)

लीग टूच्या प्लेऑफची, म्हणजे बढती ठरवणाऱ्या सामन्यांची, अंतिम लढत. समोर वॉल्सॉल. मध्यंतरापूर्वी मायल्स हिपोलाइटचा गोल, 1-0. एएफसी विम्बल्डन लीग वनमध्ये, एमके डॉन्स एक पायरी खाली, लीग टूमध्येच. त्यामुळे पुढच्या हंगामाच्या लीग वेळापत्रकात विम्बल्डन विरुद्ध एमके डॉन्स हा सामना नव्हता.