डेम्पस्टर गेला, हेंड्रिक्स आला

शिकागोच्या रिग्ली फील्डची ही वेलींनी झाकलेली भिंत आणि तिच्या वरचा हा हिरवा धावफलक १९३७ सालापासून असेच आहेत. फलकाच्या आत बसलेली माणसे पत्र्याच्या आकड्यांच्या पाट्या आजही हाताने बदलतात. या मैदानावर खेळणाऱ्या शिकागो कब्स या बेसबॉल संघाने १९०८ नंतर जगज्जेतेपद पाहिलेले नव्हते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये थिओ एपस्टीन यांनी संघाची सूत्रे घेतली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न रोकडा होता: जिंकण्याची वेळ अजून दूर असताना मुरलेले खेळाडू सांभाळायचे, की त्यांच्या बदल्यात होतकरू पोरे घ्यायची?

चेंडू टाकताना दिसतो आहे तो रायन डेम्पस्टर. २००४ पासून कब्सकडे असलेला हा पिचर २०१२ मध्ये पस्तिशीत होता, तरी जुलैअखेरपर्यंत दर नऊ इनिंगमागे सरासरी सव्वादोन धावाच देत होता. त्याचा करार त्याच मोसमाअखेर संपणार होता. म्हणजे त्याला ठेवून घेतले असते, तरी संघ उभा राहीपर्यंत तो संघात असेलच, याची शाश्वती नव्हती. दहा वर्षे लीगमध्ये आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा हक्क असतो. डेम्पस्टरने तो वापरला आणि अटलांटाशी जुळत आलेला व्यवहार फिसकटला. अखेर ३१ जुलैला, अदलाबदलीची मुदत संपता संपता, तो टेक्सासला गेला. बदल्यात आलेल्या दोघांपैकी एक होता काइल हेंड्रिक्स: डार्टमथमध्ये शिकलेला, २०११ च्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) आठव्या फेरीत घेतलेला, वेगापेक्षा अचूकतेवर भिस्त ठेवणारा.

पुढच्या जुलैत स्कॉट फेल्डमनला बाल्टिमोरला धाडून कब्सने जेक अरिएटाला आणले. बाल्टिमोरकडून त्या मोसमात तो नऊ इनिंगमागे सातांहून अधिक धावा देत होता. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. २०१४ मध्ये समार्जा आणि हॅमल हे दोन पिचर ओकलंडला देऊन शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, अ‍ॅडिसन रसेल घेतला. नुसते मोहरे विकून संघ उभा राहत नाही. समोरच्याच्या कोठारातले कच्चे धान्य पारखणारी नजर आणि ते पिकवणारे प्रशिक्षक असतील, तरच हा सौदा करावा, आणि मग तो निःसंकोच करावा. २०१२ ते २०१४ या तीन मोसमांत कब्सने अनुक्रमे १०१, ९६ आणि ८९ सामने गमावले आणि त्या पराभवांची तिकिटे प्रेक्षकांनी काढली.

ही २०१६ च्या जागतिक मालिकेची, म्हणजे जगज्जेतेपदाच्या अंतिम लढतीची दृश्ये, क्लीव्हलँडमधली. दुसरा आणि सहावा सामना अरिएटाने जिंकून दिला, सहाव्यात रसेलने ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा देणारा होमरन मारला, सातव्यात सुरुवातीचा पिचर हेंड्रिक्स होता आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्स ८-७ असे जिंकले.

त्या विजयातले रिझो, बाएझ आणि ब्रायंट २०२१ च्या जुलैअखेर दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या संघांना दिले गेले, कारण तिघांचेही करार त्याच मोसमाअखेर संपत होते. बाएझच्या बदल्यात न्यूयॉर्क मेट्सकडून आला एकोणीस वर्षांचा पीट क्रो-आर्मस्ट्राँग, तोही खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षी खेळू न शकणारा. २०२५ मध्ये त्याने तीसहून अधिक होमरन मारले, तीसहून अधिक बेस चोरले (म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला), आणि कब्स पुन्हा बाद फेरीत पोहोचले.