केंमे केंमे रगे पाले

नमस्कार मंडळी. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या, नसेल तर कान पुरेत. आज म्हणींची कोडी. नियम एवढाच, की म्हणीतल्या प्रत्येक व्यंजनाच्या जागी दुसरं व्यंजन बसवायचं. ‘थ’चा एकदा ‘क’ केला, की जिथे ‘थ’ तिथे ‘क’च. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार जागच्या जागी. पुन्हा सांगतो, मात्रा हलत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अमळनेरकडे एका मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर. गॅसवर भाजून त्याला भरीत म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, फक्त त्यांच्याकडे जेवायला जात नाही. तर पुण्याहून आलेला भाचा बांधावर बसून कोडं सोडवत होता : ‘केंमे केंमे रगे पाले’. तक्ता आखला, कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजलं. पद्धत खरीच आहे, लांबलचक मजकुरात तीच कामाला येते. पण चार शब्दांत मोजून मोजणार काय?

आमची माय शेजारी वांगी सोलत होती, बोटं काळीभोर. कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“वाच बरं.”

त्यानं वाचलं.

“आखो एकदाव.”

पुन्हा वाचलं.

“आरे, पहिला दोन्ही शब्द एकच शेतस ना? चारीना शेवट बी सारखाच. मंग थेंबे थेंबे तळे साचे! ती बडगी आन, मिरच्या ठेचन्या शेतस.”

भाच्यानं ताडून पाहिलं. थ-चा क, ब-चा म, त-चा र, ळ-चा ग, स-चा प, च-चा ल. चोख! बिचाऱ्याचा तक्ता तसाच कोरा.

तेव्हा आधी ऐका : शब्द दोनदा आलाय का, शेवटी मात्रा कोणती, एकाक्षरी शब्द आहे का. मोजणी नंतर.

महानुभाव पंथाच्या लोकांनी आपल्या पोथ्या अशाच अक्षरं बदलून, सकळ लिपीत लिहून ठेवल्या होत्या. धुळ्याचं संशोधन मंडळ ज्यांच्या नावानं आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली.

आता तुमची पाळी. किल्ली नवी, मघाची चालणार नाही. लिहून घ्या : ‘वी तखन तो मोजी’. दोन शब्द एकाक्षरी आहेत, आणि ‘त’ दोनदा आलाय. स्वयंपाकघरातली म्हण आहे, याहून जास्त सांगणार नाही. उत्तर पुढच्या बुधवारी, याच वेळी. पुन्हा एकदा : वी, तखन, तो, मोजी.